दोन टक्क्यांच्या अलीकडे: आमची वाटचाल

आम्ही जनावरांची औषधं बनवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नाशिकच्या अंबडला फार्मा कंपनी आहे असं कळलं की पाहुणेमंडळी बीपी-शुगरच्या गोळ्या होलसेल भावात मागायला लागतात. आमच्याकडे मिळतो तो गाईचा बोलस म्हणजे जनावराची मोठी गोळी, शेळ्यांचं जंतनाशक, व्यायलेल्या म्हशीसाठी कॅल्शियमचा कॅन आणि मिनरल मिक्श्चरची पिशवी. निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी आणि पलीकडे संगमनेरपर्यंतचा दूधधंदा, हे आमचं गिऱ्हाईक.

२००९ मध्ये भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. त्याआधी मी बी. फार्म. करून एका मोठ्या कंपनीत प्रॉडक्शनला होतो आणि दादा औषधांच्या एजन्सीत. जुनी मशिनरी, बँकेचं कर्ज, दुसऱ्यांच्या नावाने माल बनवून देणं, अडकलेली उधारी ही कहाणी अंबड-सातपूरच्या कुठल्याही लघुउद्योजकाला विचारा, गाळा नंबर बदलून तीच ऐकायला मिळेल. म्हणून ती इथे सोडतो. लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. आम्ही त्या रेषेच्या इतके अलीकडे आहोत की सीएने तो विषयही काढला नाही. पण ज्यांच्यासाठी आम्ही माल बनवायचो त्या कंपन्या रेषेपलीकडच्या. त्यांची माणसं ऑडिटला आली की चहा घेता घेता विचारायची, तुमचं सीएसआर, म्हणजे हा सामाजिक खर्च, काय? मग आम्हीही गावच्या शाळेला पाण्याची टाकी दिली, दप्तरं वाटली, फोटो काढले. पोरं खूश झाली, त्यात वाईट काहीच नाही. पण माझं मत तेव्हाच बनलं होतं की औषध बनवणाऱ्याची जबाबदारी कारखान्याच्या मोरीपाशी सुरू होते. दप्तरं कापडवालाही वाटू शकतो. मोरीतून काय जातं ते फक्त आपल्यालाच माहीत असतं.

आता मोरीचंच सांगतो. आमच्याकडे सल्फा-ट्रायमेथोप्रिम आणि ऑक्सिटेट्रासायक्लीनचे बोलस बनतात. दोन्ही अँटिबायोटिक. बॅच संपली की ग्रॅन्युलेटर, ड्रायर, चाळण्या, प्रेस सगळं धुवायचं, आणि ते पाणी ईटीपीला, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला. ईटीपीच्या हवा मारायच्या टाकीत जो तपकिरी गाळ घुसळत असतो, तो जिवंत जिवाणूंचा असतो. पाण्यातला सेंद्रिय मळ तेच खातात. गोठ्यासारखीच त्यांची उस्तवार करावी लागते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि आमचा तर माल जिवाणू मारायचा! अँटिबायोटिकच्या धुण्याचं पाणी सरळ आत सोडलं की गाळ वर तरंगायला लागतो, फेस येतो, वास सुटतो आणि सीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या मळाचा, आकडा चढतो. कन्सल्टंट म्हणतो शेण-गूळ टाका, नवीन गाळ आणा. तो जगतो. पुढच्या बॅचला पुन्हा तेच.

यावर तोडगा निघाला तो केमिस्टकडून निघाला नाही. आमच्या धुण्याच्या विभागातल्या मावशींची एक सवय होती, पाण्याचा पाइप हातात घ्यायच्या आधी भांडं कोरडं खरवडायचं. त्यांचा हेतू साधा होता, पाणी कमी लागतं आणि हात लवकर मोकळे होतात. माझी बायको क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, बघते. तिने खरवडून निघालेल्या चुऱ्याचं वजन करून बघितलं आणि ही सवयच एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, घातली. आता क्रम असा: आधी खरवडणं, मग व्हॅक्यूम, मग ओलं कापड, मग थोडक्या पाण्याचा पहिला धुवा. चुरा, कापड आणि पहिला धुवा निळ्या ड्रममध्ये वेगळा, जाळायला. औषधाचा बहुतेक अंश तिथेच निघून येतो. पुढचं धुणं तेवढं ईटीपीला जातं. गाळ आता बरा आहे. वेळ जास्त लागतो, बॅच बदलायला जवळजवळ अर्धी शिफ्ट जाते, आणि माल मागणाऱ्या पार्टीला ते कधीच पटत नाही.

कायद्याने आम्हाला हे करायला लावलं का? नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडी, सीओडी, पीएच वगैरे असतं, अँटिबायोटिक किती हे कुठेच मोजलं जात नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला २००७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं होतं. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं पाणी साफ करणाऱ्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या 'शुद्ध' पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सासिन. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात ते औषधाला दाद न देणारेच. २०२० च्या सुरुवातीला केंद्राने अँटिबायोटिकच्या अंशावर मर्यादा घालणारा मसुदा काढला, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गायब झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, पण त्या सूचनाच आहेत. आमच्या बाजूला नासर्डी वाहते. तिला आता नंदिनी म्हणतात, पुढे ती गोदावरीला मिळते. कुंभ आला की सगळ्यांना गोदा आठवते. अंबड-सातपूरचे नाले मात्र बारा वर्षं रोजच वाहत असतात.

एक्सपायरी मालाचं वेगळंच. स्टॉकिस्टकडून दर तिमाहीला खोकी परत येतात: फुटलेले कॅन, दमट झालेले बोलस, तारीख उलटलेल्या पिशव्या. हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत अनुक्रमांक २८.५, मुदत संपलेली उत्पादनं. तो रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात भट्टीत जातो. सोबत सात रंगांच्या सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद. माल मिळाला म्हणून सही होऊन निळी प्रत परत आली की फाइल बंद. माझा मुद्दा वेगळा आहे: खोकी परत येतात ती पैसे परत मिळतात म्हणून. ज्या दुकानदाराला क्रेडिट नोट मिळत नाही तो माल परत पाठवत नाही, मागच्या उकिरड्यावर टाकतो. आम्ही आता फुटक्या पॅकचेही थोडे पैसे देतो. दादा याला 'कचरा विकत घेणं' म्हणतो, आणि त्याचं खोटं नाही.

आता गिधाडं. नाशिककराला गिधाडं नवीन नाहीत. टाकेदला जटायू पडला असं आपण लहानपणापासून ऐकतो. अंजनेरीच्या कड्यावर अजून लांब चोचीची गिधाडं आहेत आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी उपाहारगृह आहे, म्हणजे मेलेलं जनावर ठेवायची राखीव जागा. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ मध्ये कारण सापडलं, डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. हे औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे खडे साचतात. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत औषध असलं तरी जात संपायला तेवढं पुरतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग काही लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरची झाली.

आम्ही डायक्लोफिनॅक कधी बनवलं नाही. पण निमेसुलाइड-पॅरासिटामॉलचा बोलस बनवायचो आणि तो धावायचा. तापाच्या सीझनला पगार त्यावर निघायचे. त्र्यंबक पट्ट्यातल्या एका पशुवैद्यकांनी एकदा ऑर्डरऐवजी प्रश्न पाठवला: 'तुमचा बोलस दिलेली गाय दगावली तर तिचं मढं कुठे जातं?' सोबत गुजरातेत मेलेल्या गिधाडांवरचं संशोधन होतं. शरीरात निमेसुलाइड आणि मूत्रपिंडाचा तोच आजार. बंदी तेव्हा नव्हती.

घरात यावर बरीच वादावादी झाली. दादाचं म्हणणं, आपण बंद केला म्हणून गिधाडं वाचणार आहेत का, दुसरा कोणी बनवेल. तसंच झालं. आम्ही तो बोलस बंद करून मेलॉक्सिकॅमवर आलो, गिधाडांना ते सोसतं हे तपासलेलं आहे. तर दोन महिन्यांत बाहेरून स्वस्त माल आमच्याच दुकानांत येऊन बसला. मेलॉक्सिकॅम महाग पडतं, आणि काउंटरवर शेतकरी म्हणतो, 'तो जुनाच द्या, लगेच उतरतो ताप.' त्या वर्षी उलाढाल चांगलीच खाली आली. काही दुकानदार नंतर परत आले, काही नाही आले.

मग ३१ जुलै २०२३ ला जनावरांसाठी वेदनाशामक केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर बंदी आली आणि २०२४ सरताना निमेसुलाइडवर. त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. औषध कंपनीत बंदीचे पेढे! पण आमच्यासारख्याला आवाहनं, प्रतिज्ञापत्रं, हरित पुरस्कार यांचा उपयोग नाही, बंदीचा आहे. बंदी आली की बाजूच्याचा आणि आमचा भाव एका पातळीवर येतो. मोठी कंपनी एक प्रॉडक्ट सोडून तीस प्रॉडक्टवर जगते, आम्ही एक सोडलं की ओव्हरटाइम बंद होतो.

लेबलवरही थोडं. २०१२ पासून दुभत्या आणि खाद्य जनावरांच्या औषधावर लिहावं लागतं की औषधानंतर किती दिवस दूध, अंडी, मांस वापरायचं नाही. औषधानुसार ठरलेली मुदत नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान सात दिवस, मांसासाठी अठ्ठावीस. सगळे लिहितात, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आम्ही पुढच्या बाजूला मराठीत छापलं: 'हे औषध चालू असताना व नंतर सात दिवस दूध डेअरीला घालू नये.' शेजारी लाल फुली मारलेली किटली. सेल्समन वैतागले. सात दिवसांचं दूध ओतायला कोण तयार होणार? पण तेच दूध संकलन केंद्रावर गेलं की टँकरच्या टेस्टमध्ये अँटिबायोटिक निघतं, दही लागत नाही आणि सगळ्या गावाचं दूध नाकारलं जातं. दोन दूध संस्थांच्या सचिवांनी मग स्वतःच आमचं लेबल केंद्रावर चिकटवलं. विक्री त्याने वाढली नाही, कमीही झाली नाही.

सध्याची डोकेदुखी कागदांची आहे. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीने जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्यापासून त्यांच्या प्रश्नावल्या झिरपत आमच्यापर्यंत येतात: कार्बन किती, पाणी किती, महिला कामगार किती. भरतो बापडे. छतावर सोलर आहे, बॉयलर ब्रिकेटवर आहे, ते लिहून टाकतो. धुण्याच्या पहिल्या पाण्याचं काय करता, हा प्रश्न एकाही फॉर्ममध्ये अजून भेटलेला नाही. वरून सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखाना कसा असावा याचे सरकारी नियम. हवा, भिंती, कागदपत्रं सगळं नव्याने करावं लागलं आणि त्याच कर्जात आम्ही ईटीपीची दुसरी टाकी बसवून घेतली, कारण बँक दोनदा दारात उभी करत नाही.

एक कामाचं सांगून थांबतो. रांजणगावला आमचा माल जातो ती वाहतूकदाराची गाडी बहुतेक वेळा अर्धी रिकामी असते आणि भाडं पूर्ण लागतं. अंबड-सातपूरमध्ये ज्यांच्याकडे एक्सपायरी माल पडून आहे त्यांनी केंद्राचं सदस्यत्व स्वतःच्या नावाने घ्यावं, मॅनिफेस्ट स्वतःचं भरावं, ड्रमवर लेबल लावावं, मग एकाच फेरीत जोडून घेता येतं का ते वाहतूकदाराशी बोलू. पुढची खेप दिवाळीआधी आहे. ड्रम गळके नसावेत, एवढंच.