जुलाब थांबले, पोटॅशियम मात्र घसरतच राहिलं

रक्तातलं पोटॅशियम २.३, म्हणजे फारच कमी, आणि रक्तदाब १६८/९४, म्हणजे वाढलेला. हे दोन आकडे एकाच केसपेपरवर दिसले की थांबायचं. जुलाबांनी पोटॅशियम गेलं असेल तर अंगातलं पाणीही गेलेलं असतं. अशा पेशंटचा रक्तदाब खाली असतो, नाडी जलद असते, जीभ कोरडी पडते. या आंटींच्या घोट्यांवर सूज होती आणि वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

सिंगापूरमधल्या एका कर्करोग वॉर्डात मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. (इथे चिनी असो की तमिळ, वयस्कर बाई म्हणजे आंटीच.) आंटी चौसष्ट वर्षांच्या. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला, दर दोन आठवड्यांनी इरिनोटेकान असलेली केमो, मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला १८० मिलिग्रॅम. तिसऱ्या फेरीनंतर पायांतली ताकद गेली. खुर्चीतून उठता येईना म्हणून मुलगी रात्री घेऊन आली. कार्डिओग्रामवर पोटॅशियम उतरल्याच्या खुणा: टी लहर चपटी, मागे यू लहर, क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबलेला. इरिनोटेकान म्हटलं की जुलाब आठवणारच. त्यामुळे इमर्जन्सीत ‘जुलाबांमुळे पोटॅशियम कमी’ असं लिहून सलाइन जोरात सुरू झालं होतं.

पण जुलाब थांबून पाच दिवस झाले होते. रक्तातलं बायकार्बोनेट ३३ होतं. जुलाबांत ते शौचावाटे जातं, त्यामुळे आकडा खाली यायला हवा. इथे तो वर होता. मग लघवी तपासायला पाठवली. पोटॅशियम आतड्यातून जात असेल तर मूत्रपिंड उरलेलं धरून ठेवतं आणि लघवीतला आकडा २०च्या खाली राहतो. आंटींचा आला ४६. गळती मूत्रपिंडातून होती. रक्तदाबासाठी त्या फक्त अम्लोडिपिन घेत, लघवी वाढवणारी गोळी नव्हती. आधीचे पोटॅशियमचे रिपोर्टही चांगले होते.

“दुसरं काही औषध घेता?” या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर ‘नाही’ असंच होतं. हा प्रश्न मी विचारतच नाही. घरात काय उकळतं, गरम पाण्यात काय ढवळून पितात, चहाबरोबर तोंडात काय टाकतात, असं विचारते आणि सगळं पिशवीत भरून आणायला सांगते. दुपारी मुलगी पिशवी घेऊन आली.

पहिली वस्तू म्हणजे नोंदणीकृत चिनी वैद्यांनी दिलेल्या काढ्याच्या सीलबंद पिशव्या. इथे २००० साली चिनी वैद्यांसाठी कायदा झाला आणि त्यांची सरकारी नोंदणी होते, त्यामुळे लेबलवर घटक आणि वजन व्यवस्थित होतं. ह्वांगछिन ९ ग्रॅम, बायशाओ म्हणजे पिओनीचं मूळ ६, गानत्साओ ६, लाल बोरं ६. हा ह्वांगछिन थांग. सुमारे १८०० वर्षांपूर्वी चांग चोंगचिंग या वैद्याने नोंदवलेला, ताप आणि जुलाबांवरचा काढा. इरिनोटेकान घेणाऱ्याला हाच का दिला, ते इथे कुणाला समजावावं लागत नाही.

थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निवड चुकीची नव्हती. इरिनोटेकानपासून शरीरात एसएन-३८ हा खरा मारक रेणू तयार होतो. यकृत त्याला साखरेचं शेपूट जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जंतू ते शेपूट तोडतात, विष पुन्हा जागं होतं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं. केमोनंतर काही दिवसांनी लागणारे जुलाब हे असे. येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने याच चार वनस्पतींचा ३:२:२:२ या प्रमाणातला प्रमाणित अर्क, पीएचवाय-९०६, उंदरांवर तपासला. २०१०च्या त्यांच्या निबंधात आतड्याची सूज कमी झाली, अस्तर लवकर भरून आलं आणि केमोचा ट्यूमरवरचा परिणाम टिकला. माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आहेत. म्हणून काढा चालू असला तरी जुलाब थांबवणारं लोपेरामाइड खिशात हवंच: पहिल्या पातळ शौचाला ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २, बारा तास पोट शांत राहीपर्यंत.

इरिनोटेकान स्वतःही एका चिनी झाडाचंच नातवंड आहे. त्याचा मूळ रेणू, कॅम्पटोथेसिन, ‘शी शू’ या झाडातून १९६६मध्ये वेगळा काढला तो मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. तोच रेणू सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतो, आणि त्याच्या लाकडासाठी किती चोरटी तोड झाली ते कोकणात आणि घाटमाथ्यावर सांगायला नको.

पिशवीतली दुसरी वस्तू प्लास्टिकची बरणी. पायांत गोळे येतात म्हणून एका नातेवाईक बाईंनी दुकानातून आणून दिलेले दाणेदार अर्काचे कण, शाओयाओ-गानत्साओ थांग. यात दोनच घटक, पिओनी आणि गानत्साओ, निम्मे-निम्मे. पोटरीच्या गोळ्यांवर याचा गुण येतो. जपानमध्ये तर केमोनंतरच्या स्नायूदुखीवरही डॉक्टर हे लिहून देतात. तिसरं म्हणजे सुकवलेल्या खारट-गोड प्लमचं पाकीट. केमोनंतर तोंडाला चव येते म्हणून आंटी ते सारखं चघळत. घटकांत तिसऱ्या क्रमांकावर गानत्साओ.

गानत्साओ म्हणजे चिनी ज्येष्ठमध. चिनी काढ्यांत हे जवळपास सगळीकडे असतं, भांडखोर औषधांना एकत्र नांदवणाऱ्या घरातल्या थोरल्या जावेसारखं. म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. विषारी अकोनाइटवर सगळ्यांची नजर असते. ज्येष्ठमध दोन चिठ्ठ्यांत दोनदा आलं तर बेरीज कोण करतो?

मी केली. काढ्यातून ६ ग्रॅम. कणांच्या बरणीवर लिहिलेलं, १ ग्रॅम कण म्हणजे ५ ग्रॅम कच्ची वनस्पती. रोजचे ६ ग्रॅम कण म्हणजे ३० ग्रॅम वनस्पती, त्यातलं निम्मं, १५ ग्रॅम, ज्येष्ठमध. एकूण २१ ग्रॅम, प्लम धरले नाहीत. चिनी औषधकोशात गानत्साओची मात्रा दिवसाला २ ते १० ग्रॅम आहे आणि त्यात ग्लिसिरायझिक आम्ल किमान २ टक्के असावं लागतं. सगळं उतरलं असं धरलं तर दिवसाला ४२० मिलिग्रॅम. युरोपात रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम मानतात. उकळताना सगळं उतरत नाही, तरी हिशेब कुठल्या कुठे जातो.

मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉल या हार्मोनला निष्प्रभ करतं, म्हणजे ते अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनच्या जागी जाऊन बसत नाही. ज्येष्ठमध त्या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं: मीठ-पाणी धरून ठेव, पोटॅशियम फेकून दे. आंटींची सूज, रक्तदाब, बायकार्बोनेट, सगळं त्यात बसत होतं. रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारं विकर) आणि अल्डोस्टेरॉनचे रिपोर्ट नंतर आले, दोन्ही तळाला. खरी गंमत पायांतल्या गोळ्यांची. पोटॅशियम उतरलं की पायांत गोळे येतात, गोळे आले की आंटी कण जास्त घेत, कण घेतले की पोटॅशियम आणखी उतरे. जुलाबांनी सुरुवातीला थोडं पोटॅशियम नेलंच होतं, त्यावर हे चक्र फिरलं.

उपचारात घाई चालत नाही. आधी सलाइनचा वेग उतरवला, कारण मीठ जितकं जास्त तितकं लघवीतून पोटॅशियम जास्त जातं. ग्लुकोजच्या ड्रिपमध्ये पोटॅशियम मिसळू दिलं नाही. ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिमोल, हृदयाचा मॉनिटर लावून, जोडीला तोंडाने पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन बंद, कारण तेही क्यूटी लांबवतं. मॅग्नेशियम तपासलं, ते ठीक होतं. ते कमी असतं तर पोटॅशियम कितीही ओतलं तरी टिकलं नसतं.

मुलीने विचारलं, “काढा पातळ करून दिला तर चालेल का?” काढा पातळ असो की आटवलेला, मात्रा ठरते भांड्यात किती ग्रॅम पडलं त्यावर. मुलीला सांगितलं ते वेगळंच: उघडलेली पिशवी बाहेर ठेवायची नाही, फ्रिजमध्ये ठेवून परत उकळी आणूनच द्यायची. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना इथल्या दमट हवेत अर्धा दिवस राहिलेला काढा म्हणजे जंतूंची पेजच.

वैद्यांना फोन केला. बरणीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी हुज्जत घातली नाही, रिपोर्ट मागून घेतले. आमच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं ते असं: कण कायमचे बंद, कारण पायांतल्या गोळ्यांचं मूळच उतरलेलं पोटॅशियम होतं. काढा पोटॅशियम स्थिर होईपर्यंत थांबवायचा. नंतर केमोच्या आसपासचे दिवसच, आणि गानत्साओ ६ वरून २ ग्रॅमवर. पूर्ण वगळलं असतं तर मला अधिक बरं वाटलं असतं.

आपल्याकडेही रेडिएशनने तोंड आलं की ज्येष्ठमध देतात. गुळण्या करून थुंकलं तर पोटात फारसं जात नाही. काडी दिवसभर चघळून गिळली, जोडीला खोकल्याचा काढा आणि लघवीची गोळी असली, तर हाच पेशंट पुण्यातही दिसेल.

चौथ्या दिवशी पोटॅशियम ३.७ झालं. रक्तदाब उतरायला दोन आठवडे गेले, कारण ज्येष्ठमध थांबवलं तरी विकर लगेच कामाला लागत नाही. पुढचा धोका उलट्या बाजूचा होता. विकर परत चालू होतं, गळती थांबते, आणि स्पायरोनोलॅक्टोन व पोटॅशियमच्या गोळ्या तशाच सुरू राहिल्या तर आकडा साडेपाचच्या वर जातो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर दोन्हींच्या थांबवण्याच्या तारखा आणि मधल्या दोन रक्तचाचण्या लिहून दिल्या. दुसऱ्या चाचणीत ४.६ आलं, स्पायरोनोलॅक्टोन बंद केलं, आणि चौथी फेरी एक आठवडा उशिरा दिली.