नॉर्वेतलं मीठ आणि ई-गोल्फचा हँडब्रेक

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. इएल, इके, इव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरप्लेटा आता कुणी वळून बघत नाही. त्यातल्या जुन्या होत चाललेल्या गाड्यांत फोक्सवॅगनची ई-गोल्फ भरपूर दिसते. बॅटरीचं काय होणार, हा भारतातून येणारा पहिला प्रश्न. पण इथल्या व्हेर्कस्टेडमध्ये, म्हणजे गॅरेजमध्ये, ही गाडी बऱ्याचदा मागच्या ब्रेकसाठी चढते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, ‘पार्किंग ब्रेकमध्ये बिघाड’ असा संदेश, आणि बटण ओढलं की एकाच बाजूने आवाज.

त्यात ईयू-कोन्ट्रोलची तारीख जवळ आलेली असते. ही इथली सक्तीची गाडीतपासणी नव्या गाडीला पहिल्यांदा ४ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. रोलरवर चाकं फिरवून हँडब्रेकची पकड मोजतात. ती गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनाच्या किमान १६ टक्के भरावी लागते, आणि एका बाजूचा ब्रेक लागतच नसेल तर गाडी नापास. दोष १, २, ३ अशा पायऱ्यांनी लिहितात. २ आला की दुरुस्त करून पुन्हा दाखवायची, ३ आला की गाडी रस्त्यावर आणायचीच नाही.

या गाडीत ओढायची दांडी आणि केबल नाही. मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पाठीवर मुठीएवढी काळी प्लास्टिकची डबी असते, तीच ॲक्चुएटर, म्हणजे ब्रेक आवळणारं यंत्र. आत १२ व्होल्टची छोटी मोटर आणि वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर. ही पद्धत फोक्सवॅगनने २००५ च्या पसाटमध्ये आणली तेव्हा दातेरी पट्टा १:३ आणि गिअर १:५० मिळून मोटरचे १५० फेरे म्हणजे स्पिंडलचा, आटे असलेल्या दांड्याचा, एक फेरा, असा हिशेब होता. स्पिंडल फिरला की त्याच्या आट्यांवरचा नट पुढे सरकतो आणि पिस्टनला आतून ढकलतो, पिस्टन पॅडला. आटे असे की उलट दाबाने नट मागे येत नाही, म्हणून एकदा आवळल्यावर वीज लागत नाही. पुरेसं आवळलं गेलं हे कंट्रोल युनिट, म्हणजे ब्रेकचा छोटा संगणक, मोटरच्या करंटवरून ओळखतं. पॅड डिस्कला भिडले की मोटरला जोर लागतो, करंट चढतो, ठरलेल्या आकड्याला वीज तुटते.

पुढचं सगळं निदान या करंटच्या गोष्टीवर उभं आहे. गंजामुळे कॅलिपर जड चालत असेल तर करंट आधीच चढतो आणि युनिटला वाटतं की ब्रेक लागला. किंवा करंट मर्यादेबाहेर जातो आणि युनिट मोटरच्या नावाने बिघाडाचा कोड नोंदवतं. मोटर निर्दोष, आणि बोट मात्र तिच्याकडे. नवी डबी बसवून महिन्याभरात तोच दिवा परत पेटतो तो यामुळेच.

गंज इतका का, याची दोन कारणं. हिवाळाभर मुख्य रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि विजेची गाडी ब्रेक फारसे वापरतच नाही. पेडल दाबलं तरी बराचसा वेग गाडी चालवणारी मोटर जनरेटर होऊन खाते; डिस्क-पॅड एकमेकांना जेमतेम शिवतात. पेट्रोल गाडीत रोजच्या घासण्याने डिस्क चकचकीत राहते, इथे ती तव्यासारखी तांबूस होते.

म्हणून आधी कान लावा. गाडी शांत जागी उभी करून बटण ओढा-सोडा आणि एका माणसाला मागच्या चाकाशी बसवा. निरोगी बाजूला ‘घर्रर्र’ असा आवाज येतो आणि शेवटी तो जड होऊन थांबतो. काहीच आवाज नाही, तर मोटर, वायर किंवा कनेक्टर. आवाज हलका, उंच पट्टीतला, शेवटी जड न होणारा, आणि चाक मोकळंच, तर आतला पट्टा किंवा गिअर तुटला आहे. आवाज सुरुवातीपासूनच कण्हल्यासारखा, तर कॅलिपरकडे बघा.

मग चाक काढून कनेक्टर उघडा. दोन पिनांचा आहे. हिरवट पूड दिसली की अर्धं निदान झालं. मोटरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा: चांगल्या मोटरचा काही ओहमच्या आत येतो, अनंत आला तर मोटर गेली. वायर तपासायला नुसता मल्टिमीटर पुरत नाही. दहा तारांपैकी एक शाबूत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. कनेक्टरला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि दुसऱ्याला बटण ओढायला सांगा. बल्ब जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो. क्षणभर का होईना, लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर चाकाच्या कमानीतली, चाकाबरोबर वाकत राहणारी वायर आतून कुजली आहे. बॅटरीतून थेट वायरी आणून कॅलिपरवर बसलेली मोटर फिरवायचा मोह मात्र टाळा. तिथे करंट तोडणारं कुणी नसतं. नट टोकाला जाऊन अडकतो किंवा गिअरचे दात जातात.

दोष मोटरचाच ठरला तर काम दीड-दोन तासांचं. टॉर्क्स टी-३० आणि टी-४५, १७ चा पाना, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या, नवी डबी तिच्या ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) आणि स्क्रूंसह, आणि फोक्सवॅगनच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा स्कॅनर, व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हनसारखा. डबी मागवताना जुनीवरचा पूर्ण भाग-क्रमांक जुळवा, शेवटच्या अक्षरासकट.

गाडी सपाट जागी पी (पार्क) मध्ये ठेवा. पी चं कुलूप पुढच्या चाकांच्या गिअरबॉक्समध्ये आहे, त्यामुळे मागचा ब्रेक मोकळा केला तरी गाडी थांबते. पण पुढचं एक चाक जरी उचललं तरी दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलमुळे ते कुलूप फुकट जातं. उचलायचं फक्त मागे, आणि पुढच्या चाकांना अडणी लावूनच. १२ व्होल्टच्या बॅटरीला चार्जर जोडा. व्होल्टेज पडलं की युनिट मध्येच काम सोडतं आणि नट अर्ध्यात राहतो. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. या कामात त्यांच्या वाटेला जावं लागत नाही.

इग्निशन चालू, हँडब्रेक सोडलेला, अशा स्थितीत स्कॅनरने ०३ क्रमांकाच्या ब्रेक युनिटमध्ये जाऊन आधी कोड उतरवून घ्या, मग बेसिक सेटिंगमधून पॅड बदलण्याचा मोड सुरू करा. दोन्ही नट मागे जातात. मेलेली बाजू अर्थात जात नाही, ती हाताने सोडवायची. इग्निशन बंद करा, गाडी झोपू द्या, मगच कनेक्टर काढा. मिठाने त्याचा खटका कडक झालेला असतो. जोर लावला की तुटतो, आणि मग अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलायचा. कोमट पाणी आणि पाच मिनिटांचा धीर स्वस्त पडतो.

डबीभोवतीची माती स्क्रू सोडण्याआधीच साफ करा, नाहीतर ती सरळ स्पिंडलवर पडते. टी-३० चे दोन स्क्रू. गंजलेल्या स्क्रूच्या खाचेतली घाण सुईने उकरून, बिट हातोडीने ठोकून बसवून मगच फिरवा. खाच एकदा गुळगुळीत झाली की कॅलिपर उतरवून ड्रिल लावावं लागतं. स्क्रू निघाल्यावर डबी डावी-उजवी हलवत ओढा. आत ताऱ्याच्या आकाराचं टोक दिसेल, तोच स्पिंडल. त्यावर टी-४५ लावून थोडं थोडं फिरवा, दर पाव फेऱ्याला चाकाचा हब हाताने फिरवून बघा. एका दिशेने चाक मोकळं होतं, दुसरीने आवळतं. मोकळं झालं की अजून एक-दोन फेरे, पुरे.

इथे थांबून डबी जिथे बसते त्या बैठकीत टॉर्च मारा. कोरडी, फार तर थोडी तांबूस असेल तर ठीक. ओली, तेलकट दिसली तर ते ब्रेक फ्लुइड आहे: स्पिंडलचं सील गळतंय आणि त्यानेच मोटर मारली. मग नवी डबी बसवू नका, ती पण जाईल. कॅलिपरच बदला, त्यात पाइप उघडतो, म्हणून त्यात शिरलेली हवा काढणं आलं. नुसती डबी बदलताना फ्लुइडला हात लागत नाही आणि हवा काढावी लागत नाही.

चाक निघालंच आहे तर खरा गुन्हेगारही तपासा. कॅलिपर हाताने आत-बाहेर सरकला पाहिजे. नसेल तर तो ज्यांवर सरकतो त्या सरकपिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवा. फाटकं रबर बदला. पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात तिथल्या पातळ स्टीलच्या पट्ट्यांखाली गंज फुगतो आणि पॅड चिमटीत पकडतो. पट्ट्या काढून खालचं लोखंड ब्रशने घासा. कॅलिपर उतरवलेला असताना ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही. या गाडीत पायाचा जोर वाढवणारा बूस्टरसुद्धा विजेचा आहे, नुसत्या सवयीच्या पायानेही पिस्टन बाहेर येतो.

नवी डबी लावताना जुनी ओ-रिंग बैठकीला चिकटून राहिली नाही ना, बघा. दोन ओ-रिंग एकावर एक बसल्या की डबी तिरकी राहते आणि पहिल्याच पावसात पाणी पिते. बैठक ब्रशने साफ करा, ग्राइंडर नको. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. डबी टोकावर ठेवून किंचित फिरवत राहा. दाते जुळले की ती आपसूक ‘टक्’ करून पूर्ण टेकते. टेकत नसेल तर स्क्रूने ओढून बसवायची नाही. प्लास्टिकचा कान तडकतो, आणि ती बारीक रेघ त्या वेळी दिसतही नाही. नवे स्क्रू आलटून-पालटून, सुमारे १२ न्यूटन-मीटर. हाताला कमीच वाटतं, तेवढंच बरोबर.

कनेक्टर जोडा, आणि मोटर चालवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत सावकाश दाबा, म्हणजे पिस्टन पॅडला भिडतो. मग पॅड-बदल मोड बंद करा, युनिटची हँडब्रेक-चाचणी चालवा, बटण चार-पाच वेळा ओढा-सोडा. सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं ना? कोड पुसा आणि पुन्हा वाचा. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, पन्नास किलोमीटरनंतर एकदा परत.

हे सगळं तपासायला वेगळा मुहूर्त नको. इथे हिवाळी टायर वर्षातून दोनदा बदलावेच लागतात. दक्षिण नॉर्वेत खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबरपासून ईस्टरनंतरच्या रविवारापर्यंत चालतात. वसंतात चाकं उतरली की मिठाचं पाणी धुऊन कॅलिपर हलवून बघायचा. आणि आठवड्यातून एकदा, मागे गाडी नसताना, एन मध्ये टाकून ब्रेक नीट दाबायचे. न्यूट्रलमध्ये मोटर वेग खात नाही, सगळं काम डिस्कवर येतं आणि गंज घासला जातो. बर्फावर हा प्रयोग नको.

रत्नागिरी-मालवणकडे रस्त्यावर मीठ कुणी टाकत नाही, पण खारा वारा आहे आणि चार महिने पाऊस. २०२२ च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सपासून टाटाच्या विजेच्या गाडीतही मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक आला. गणपतीला गावी नेलेली गाडी आठवडाभर अंगणात उभी राहिली की निघताना मागून ‘कट्’ असा आवाज येतो. पॅड डिस्कला चिकटलेला सुटतो तो. एकदा आला तर चिंता नाही. दर वेळी आणि एकाच चाकातून येत असेल तर सर्व्हिस सेंटरात आधी सरकपिना बघायला सांगा, मोटर नंतर.