आरपार छिद्रे, ३ नग

अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'हॉल व दोन शयनगृहांच्या भिंतीत आरपार छिद्रे, ३ नग. भिंती कमकुवत.' खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. सही झाली की बंगला निर्लेखनाच्या यादीत जाणार होता. निर्लेखन म्हणजे इमारत सरकारी दप्तरातून वजा करणं. मग पाडकामाची निविदा निघते आणि सागवानाचा लिलाव होतो.

मी सरकारी इमारतींच्या देखभालीचं काम करणारी कनिष्ठ अभियंता. सोलापुरात नऊ वर्षं झाली. बंगला सात रस्त्याच्या अंगाला आहे. नेमका कोणता ते सांगत नाही, कारण त्याची फाइल अजून वरच्या कार्यालयात आहे. अधिकाऱ्याचं निवासस्थान म्हणून तो कायम वापरात होता. शेवटचे साहेब छताला घाबरून फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि दोन वर्षं दाराला कुलूप लागलं.

त्या दिवशी मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. सकाळी नऊलाच डांबर मऊ झालेलं. माझ्याबरोबर गवंडी मामा होते. सत्तरी गाठलेला माणूस, घरी वडारी बोलतात, बाजारात कानडी, माझ्याशी मराठी. दगडाच्या कामात त्यांच्याइतकं कळणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. अहवाल तयार करणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांनी दोन तासांत काम आटोपलं होतं. मी मामांना म्हटलं, आपण दिवसभर थांबू, सही संध्याकाळी करू.

फाइलमध्ये इतिहासाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'ब्रिटिशकालीन'. या शब्दाची मला चीड आहे. सोलापुरापुरतं बोलायचं तर पेशवाई बुडाल्यापासून स्वातंत्र्यापर्यंतची एकशे एकोणतीस वर्षं त्यात कोंबलेली असतात. आणि इतिहास तर पत्त्यातच लिहिलेला आहे. लष्कर, सदर बझार ही नावं आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने भुईकोट घेतला, पुढे गावाबाहेर छावणी वसली आणि छावणीचा बाजार तो सदर बझार. १८३८ साली सोलापूर अहमदनगरचा उपजिल्हा झाला, १८६४ मध्ये तो मोडला, १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा उभा राहिला, १८७५ मध्ये माळशिरस त्याला जोडलं. मधे १८६० साली रेल्वे आली. जिल्हा असा मोडत-जुळत राहिला की कचेऱ्या हलतात आणि साहेबांची घरंही हलतात. म्हणून अशा बंगल्याचा पहिला रहिवासी कोण हे विचारत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. बांधलाय कसा, हे मात्र भिंतीला विचारता येतं.

आधी भेगा पाहिल्या. ईशान्येच्या कोपऱ्यात खिडकीपासून छतापर्यंत तिरकी भेग, बोट जाईल एवढी. अहवालाने तिच्यावरूनच पाया खचल्याचं ठरवलं होतं. मामा तिच्याकडे न बघता बाहेर गेले आणि कोपऱ्याच्या मागे उकिडवे बसले. न्हाणीघराचं पाणी वाहून नेणारी मोरी तिथे फुटलेली होती.

"मॅडम, हिकडं या की. काळी माती हाय खाली. पाणी पिली की फुगती, उन्हाळ्यात आकसती. भिंत काय करंल?"

आपल्याकडच्या काळ्या मातीचा हा स्वभाव प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतो. बंगल्याचा बाकीचा पाया मुरमावर होता, हा एक कोपरा तेवढा फुटक्या मोरीच्या तोंडी आलेला. मी भेगेवर काचेच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवून घेतल्या आणि तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकते. साधा जुना उपाय आहे, पण त्याला महिने द्यावे लागतात, आणि अहवालाला तेवढा वेळ नव्हता.

मग गिलावा. भिंतींना हात लावला की पोपडे हातात येत होते, सगळीकडे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा क्षार, धरलेला. तज्ज्ञांनी रिबाउंड हॅमर मारून आकडे लिहिले होते. ते यंत्र काँक्रीटचा कठीणपणा मोजायचं. दोन फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाच्या भिंतीवरच्या सिमेंटच्या गिलाव्यावर ते मारून काय मोजलं असेल? मी मामांना हातभर जागा खरवडायला सांगितलं. वरून रंगाचे थर निघत गेले. आधी ऑइल पेंट, त्याखाली डिस्टेंपर, मग निळसर चुना, मग रामरज मातीचा पिवळा. मात्र हा पिवळा जिथे सिमेंट लागलं नव्हतं त्या वरच्या पट्ट्यातच सापडला. खाली सिमेंटमागे ओलसर भुसा झालेली रेती होती.

चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते. जमिनीतून वर चढलेली ओल गिलाव्यातून उडून जाते. कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून वर सिमेंट चढवलं आणि ती वाट बंद केली. ओल आत अडकली, क्षार आत साठले आणि सांधे कुजले. ज्याला अहवाल म्हातारपण म्हणत होता तो आपणच केलेला उपचार होता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षात मीही दोन जुन्या भिंतींना असाच गिलावा मंजूर केलाय.

दुपारी बाराच्या सुमारास हॉलमध्ये आलो. बाहेर त्रेचाळीसच्या आसपास असेल. आत पंखा नाही, वीज तोडलेली, तरी घाम सुकत होता. सतरा फूट उंची, वर झडपांची रांग, चहूबाजूंनी व्हरांडा, त्यामुळे मुख्य भिंतीला ऊन म्हणून लागतच नाही. या गावाचं ऊन नीट ओळखून बांधलेलं घर होतं ते. नंतर निम्मा व्हरांडा विटा लावून बंद केला, खोल्या काढल्या, खाली प्लायवूडचं छत ठोकलं, झडपा त्याच्या वर गेल्या. त्यानंतर तिथे एसी लागला यात काय नवल!

आता ती तीन छिद्रं. मी शिडीवर चढले. पहिलं छिद्र जमिनीपासून सुमारे अकरा फुटांवर, मुठीएवढं. बॅटरी लावली तर पलीकडे व्हरांड्याचा उजेड. कडा तुटक्या नव्हत्या. आत लाकडाची नळी बसवलेली होती, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. उंदराचं बीळ नाही, पाइपासाठी फोडलेलं भोक नाही. बांधतानाच ठेवलेली जागा. नळीत बोट घातलं. खालच्या कडेला खोल खाच होती, काचेसारखी गुळगुळीत.

मला लगेच उमगलं नाही. मी बाकीची दोन पाहिली. उंची तीच, उतार तोच, खाच तशीच. मग मामांच्या पोराला प्लायवूडची एक फळी काढायला सांगितली. वर मूळच्या सागवानी तुळईवर हुकांच्या दोन जोड्या होत्या, छिद्राच्या बरोबर ओळीत. विजेच्या पंख्याला एक हुक लागतो, तोही खोलीच्या मधोमध. हे हुक आडवा दांडा टांगायचे होते. दांड्याला कापडाची झालर, झालरीला दोरी, दोरी छिद्रातून व्हरांड्यात. आणि व्हरांड्यात जमिनीवर बसलेला माणूस.

मी शिडीवरून उतरले आणि तशीच बाहेर गेले. छिद्राखालच्या शहाबादी फरशीवर उभी राहिले. तिथून आतलं काहीच दिसत नाही. फक्त भिंत दिसते.

लाकडात अशी खाच पडायला किती उन्हाळे लागत असतील याचा हिशेब माझ्याजवळ नाही. साहेब बदलायचे, नव्या साहेबाचा संसार बैलगाड्यांतून यायचा. त्यांची नावं कुठल्या ना कुठल्या फलकावर सापडतात. दोरी ओढणाऱ्याची नोंद या घरात एकच उरली होती, आणि ती आम्ही 'दोष' या रकान्यात टाकली होती.

तारखेचाही विचार मनात येत राहिला. १९३० मध्येही असाच मे होता. गांधीजींना अटक झाल्यावर ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, पुढचे काही दिवस शहर इंग्रजांच्या हातात राहिलं नाही, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा लागला तो ३० जूनपर्यंत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून मी रोज ऑफिसला जाते. हुकूम सुटायचे ते अशाच उंच छतांखालून. त्या छतांखाली दोरीचा असो की विजेचा, पंखा चालू असेलच. हे घर जपावं असं मी म्हणते ते साहेबांच्या आठवणीसाठी म्हणत नाही, हे मला वरच्या कार्यालयात दोनदा सांगावं लागलं.

मोठ्या सरकारी निवासस्थानांचं नशीब वेगळं असतं. परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली, गणेशखिंडचं गव्हर्नरांचं निवासस्थान १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाला मिळालं. आपल्या गावात तर वारदांचा खासगी राजवाडा, इंद्रभुवन, महापालिकेचं कार्यालय होऊन टिकला. जिल्ह्याच्या गावातल्या बैठ्या बंगल्याला असा कुणी वाली नसतो. त्याच्याजवळ झालेल्या कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तिका असते तेवढीच.

संध्याकाळी सही केली नाही. पाच पानांची टिपणी लिहिली: मोरी बदलावी, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा, व्हरांडा मोकळा करावा, काचपट्ट्या दोन पावसाळे बघाव्यात. माझे साहेब नाराज झाले. नव्या बांधकामाचा प्रस्ताव त्यामुळे लांबला. पण त्यांनी टिपणी अडवली नाही, पुढे पाठवली. मोरीचं काम किरकोळ दुरुस्तीतून लगेच झालं. गणपतीच्या आधी जाऊन पाहिलं, काच शाबूत होती.

मोरीबरोबर एका खोलीच्या चुन्याच्या कामालाही मंजुरी मिळाली होती. मामांनी घाण्यात मळलेला चुना वापरायचा हट्ट धरला, त्यात आठवडा गेला. काम संपत आलं तेव्हा पोराने सवयीने ते छिद्रही भरायला घेतलं, थापीवर माल घेऊन शिडी चढला. मामा खालून ओरडले, "ए, त्याला हात लावू नगंस! तिथं माणूस बसतोय."

मी मोजमाप पुस्तिका उघडली आणि गिलाव्याच्या मापांखाली एक ओळ घातली: 'पंख्याच्या दोरीची छिद्रे, लाकडी नळीसह, ३ नग. बुजवू नयेत.'