तुम्ही विचारलंत म्हणून: ही थुंकी होम ऑफिसला जाते का?

नाही, होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा आणि आश्रय ठरवणाऱ्या ब्रिटनच्या गृहखात्याला, ती जात नाही. पण एवढ्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही. लंडनमध्ये आम्ही वैद्यकीय संशोधनासाठी लाळ किंवा रक्त मागितलं की पहिला प्रश्न हाच येतो. हॅरो-हाउन्स्लोची मराठी मंडळी त्याला आणखी एक जोडतात: 'आम्ही विचारतो ते व्हिसाचं आहे म्हणून. पण त्या सोमाली निर्वासितांना आता कागद मिळालेत, ते कशाला एवढे बिचकतात?' हा दुसरा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं सविस्तर.

नळीत काय होतं ते आधी सांगते. लाळ दोन मिलिलिटरच्या खुणेपर्यंत हवी, आणि वरचा फेस त्यात धरायचा नाही. आधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट, च्युइंगगम बंद. झाकण दाबलं की त्यातलं नमुना टिकवणारं द्रव खाली उतरतं, मग नळी नीट हलवायची. पुढे हा नमुना फ्रिजशिवायही टिकतो. अडतं ते वयस्कर माणसांपाशी. मधुमेह असेल, लघवी वाढवणाऱ्या (पाण्याच्या) गोळ्या चालू असतील तर तोंड कोरडं पडतं, माणूस कंटाळतो आणि खुणेच्या खालीच झाकण लावून मोकळा होतो. मग द्रवाचं प्रमाण बिघडतं. गाल बाहेरून चोळायला सांगावं, लाळ सुटते. रक्त असेल तर पिवळ्या टोपणाची नळी आधी, जांभळी नंतर. जांभळीतल्या ईडीटीएमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं, त्याचा अंश पिवळीत गेला तर रिपोर्टात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. जांभळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी. पिवळी अर्धा तास गोठू द्यायची. दोन्ही मिळून साधारण दोन चमचे रक्त. बाटलीभर काढतात ही अफवा कुठून उठते कोण जाणे!

नळीवर नाव नसतं, बारकोड असतो. म्हणजे ओळख पुसली गेली का? नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. नमुना तुमच्या एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नोंदींशी जोडायचा असतो, त्यासाठीच तर तो घेतात. जोडणारी किल्ली वेगळी ठेवलेली असते, इतकंच. २००४ च्या ह्यूमन टिश्यू ॲक्ट या मानवी नमुन्यांविषयीच्या कायद्यानुसार संमतीशिवाय डीएनए तपासायच्या हेतूनं कुणाचा नमुना बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र गुन्ह्याचा तपास आणि राष्ट्रीय सुरक्षा हे त्याच कायद्यातले अपवाद आहेत. संमतीपत्रक वाचून दाखवताना हे वाक्य घाईत उरकलं जातं.

आता सोमाली लोकांचं. सप्टेंबर २००९ मध्ये यूके बॉर्डर एजन्सी या होम ऑफिसच्या सीमा-व्हिसा विभागानं 'ह्यूमन प्रॉव्हेनन्स' नावाचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला. आश्रय मागणारा माणूस सोमाली म्हणवतो, पण खरंच सोमालियाचा की केनियाचा, हे ठरवण्यासाठी तोंडातून स्वॅब घ्यायचा आणि केस-नखांतले आयसोटोप (अन्नपाण्यातून शरीरात उतरणारे मूलद्रव्यांचे वेगवेगळे प्रकार) मोजायचे. सगळं ऐच्छिक. पण नमुना द्यायला नकार दिला तर अधिकाऱ्यानं त्यावरून अर्जदाराच्या विश्वासार्हतेबद्दल प्रतिकूल निष्कर्ष काढायला हरकत नाही, असं मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं. याला ऐच्छिक म्हणायचं!

शास्त्र म्हणूनही हा कारभार लंगडा होता. सोमाली माणसं सोमालियात राहतात, तशी केनियाच्या ईशान्येला, इथिओपियात आणि जिबुतीतही राहतात. निपाणीच्या माणसाची थुंकी तपासून तो कर्नाटकचा की महाराष्ट्राचा ते सांगून दाखवा, तसलाच प्रकार. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तर फक्त आईकडची एक रेघ दाखवतो. आणि केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे बोटभर केसात गेल्या काही महिन्यांचंच अन्नपाणी सापडणार, आणि ते महिने माणसानं वाटेत किंवा ब्रिटनमध्येच काढलेले. बालपणीचा पत्ता दातांच्या एनॅमलमध्ये सापडू शकतो, नखात नाही.

सर ॲलेक जेफ्रीज यांनी या प्रकल्पावर कडक टीका केली. डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस आणि नातं ओळखण्याची पद्धत, त्यांचीच. त्याचा पहिला प्रत्यक्ष वापर १९८५ मध्ये झाला तोही इमिग्रेशनच्याच प्रकरणात: घानाहून परतलेला मुलगा आपल्याच आईचा आहे हे सिद्ध झालं आणि त्याला ब्रिटनमध्ये राहता आलं. इतर शास्त्रज्ञही तुटून पडल्यावर प्रकल्पातल्या चाचण्यांचे निकाल अर्जांच्या निर्णयात वापरणार नाही असं जाहीर झालं, आणि पुढे २०११ मध्ये प्रकल्प गुंडाळला. पण तोवर मशिदीत, चहाच्या टपरीवर, फोनवर गोष्ट पोचली ती एवढीच: तोंडात काडी फिरवतात आणि परत पाठवतात.

तो प्रकल्प वैद्यकीय नव्हताच, आमचा त्याच्याशी काय संबंध, हे मी दहा वेळा सांगेन. संबंध नाहीच. पण २०१७ पासून होम ऑफिसला स्थलांतरितांचे पत्ते एका कराराखाली एनएचएस डिजिटल या आरोग्यनोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडूनच मिळत होते, आणि संसदीय समितीनं धारेवर धरल्यावर मे २०१८ मध्ये ते बहुतांशी थांबलं. ती नमुन्यांची माहिती नव्हती, फक्त पत्ते होते. हा फरक मला कळतो. ज्याच्या दारावर टकटक होणार त्याला तो का कळावा? पूर्वी मी या भीतीला 'गैरसमज' म्हणायचे. हल्ली जीभ अडखळते. दुसरा शब्द मात्र अजून सापडलेला नाही.

आणि नमुने नकोत असं म्हणायचीही सोय नाही. एमवायबीपीसी३ या जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणं हृदयाच्या स्नायूच्या विकाराशी जोडलेलं आहे. दक्षिण आशियाई लोकांत हा बदल सुमारे ४ टक्क्यांत आढळतो, असं २००९ मध्येच छापून आलं, आणि त्यात आपणही आलो. फक्त युरोपीय रक्त तपासत बसलं असतं तर हे हाती लागलं नसतं. पूर्व लंडनमध्ये २०१५ पासून चाललेला 'जीन्स अँड हेल्थ' अभ्यास मुळात बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांसाठी आखलेला. 'मग आम्हाला का नाही?' असं विचारणारे मराठी लोक आणि 'आमच्याच मागे का?' असं विचारणारे सोमाली, दोघं एकाच आठवड्यात भेटतात.

'मग देऊ की नको?' आश्रयाचा अर्ज प्रलंबित असेल तर थांबा. संशोधन कुठे पळून जात नाही. दुभाष्या म्हणून मुलाला किंवा दिराला आणू नका, घरचं माणूस नको असलेले प्रश्न गाळतं. फॉर्म घरी न्या, दोन दिवसांनी सही करा. माघार घेताना नुसता संपर्क बंद करायचा की नमुनाही नष्ट करायचा, ते स्पष्ट लिहून द्या. आधीच झालेल्या विश्लेषणातून तुमचा आकडा मात्र काढता येत नाही. आणि तुमच्या प्रतीवरच्या अभ्यास-क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, माघारीच्या फोनवर आधी तोच विचारतात.