‘बॉर्डरलाइन’ म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून देऊ नका

उपाशीपोटी शुगर १०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७०, बीपी १३२/८६. असा रिपोर्ट आला की प्रत्येक आकड्याला ‘बॉर्डरलाइन आहे, जरा सांभाळा’ एवढंच ऐकायला मिळतं आणि कागद फाइलमध्ये जातो. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण हे तिन्ही एकाच माणसात असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे शरीराची साखर-चरबी हाताळायची घडी एकत्रच बिघडणं, म्हणतात, आणि एकेक आकडा सुटा बघत बसलं की ते लक्षातच येत नाही.

निकष एकूण पाच, त्यातले कुठलेही तीन पुरेत. उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, बीपी १३०/८५ किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, आणि कंबर. कंबरेचा आकडा वंशाप्रमाणे बदलतो, दक्षिण आशियाई पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० किंवा जास्त. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायचा नाही हं, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, आणि श्वास सोडल्यावर मोजायचं, पोट आत ओढून नाही.

मुळाशी बहुतेक वेळा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी फॅटी अ‍ॅसिड्स सोडत राहते, ती लिव्हरकडे जातात, लिव्हर ट्रायग्लिसराइड जास्त बनवतं आणि इन्सुलिन असूनही साखर सोडायचं थांबत नाही. म्हणजे आजार एकच आणि आकडे वेगवेगळे, म्हणून उपायसुद्धा बराचसा एकच.

२००२ साली अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निकाल आले, ते मी भेटेल त्याला सांगते. शुगर वाढलेली पण डायबेटिस न झालेली माणसं घेतली होती, टार्गेट काय तर वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालण्यासारखा व्यायाम. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच की, त्यासाठी एकदम बारीक व्हायची गरजच नाही!

खाण्यात सुरुवात मी गोड पेयांपासून करायला सांगेन, ज्यूससुद्धा त्यातच आला, कारण साखर आणि दारू कमी केली की ट्रायग्लिसराइड बऱ्यापैकी लवकर खाली येतं. मग मैदा कमी, भाज्या आणि कडधान्यं जास्त, प्रत्येक जेवणात प्रोटीन, दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला, काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम हवाच. झोप कमी पडली तरी इन्सुलिनचं काम बिघडतं, हे तर कुणी सांगतच नाही. एचडीएल मात्र हळू हलतं, तेवढ्यावरून नाराज होऊ नका.

बीपीची किंवा शुगरची औषधं चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन उतरायला लागलं की डोस जास्त पडू शकतो, चक्कर, घाम, थरथर असं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.