खुनी कोण ते सोडून बोला

पुढच्या चार-सहा महिन्यांत कुठल्या कुठल्या रहस्यकथा, थ्रिलर आणि हेरकथा येणारेत याची एक यादी माझ्या फोनमध्ये कायम असते, आणि खरं सांगायचं तर ती यादी करताना जी मजा येते ती त्यातली निम्मी पुस्तकं वाचताना येत नाही. यादीतल्या पुस्तकाने अजून काही चूकच केलेली नसते ना. हातात काय असतं, तर मुखपृष्ठ, नाव आणि मागच्या ब्लर्बच्या, म्हणजे पुस्तकाच्या जाहिरातवजा ओळखीच्या, आठ ओळी. एक बेपत्ता मुलगी, वीस वर्षांपूर्वी फाइल बंद झालेलं प्रकरण, नुकतीच बदली होऊन आलेली इन्स्पेक्टर जिला रात्री झोप लागत नाही (यांना कधीच झोप का लागत नाही देव जाणे), झालंच तर बर्फात अडकलेलं एक हॉटेल. एवढ्या भांडवलावर मी मनातल्या मनात जी कादंबरी रचते ती इतकी भारी असते की बिचाऱ्या लेखकाने नंतर काहीही लिहिलं तरी तो माझ्या मागेच राहणार.

ब्लर्ब वाचण्यात मात्र मी आता चांगलीच तयार झालेय. ‘इथे कुणीच दिसतं तसं नाही’ असं असेल तर पात्रं पुठ्ठ्याची आहेत. ‘शेवटचं पान तुम्हाला हादरवून टाकेल’ म्हणजे आधीची तीनशे पानं हलणारसुद्धा नाहीत. आणि ‘अमक्याच्या चाहत्यांनी चुकवू नये असं’ म्हणजे तो अमका पुढची दोन वर्षं काही लिहित नाहीये, तोवर यावर भागवा. २०१२ मध्ये ‘गॉन गर्ल’ आणि २०१५ मध्ये ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ तुफान चालल्यावर तर नावात ‘गर्ल’ असलेल्या पुस्तकांचं असं पीक आलं होतं की माझ्या यादीत कुठली गर्ल वाचून झाली आणि कुठली बाकी तेच कळेना, आणि एक मी दोनदा वाचली, दुसऱ्या वेळी दीडशेव्या पानावर लक्षात आलं. खुनी तरीही ओळखता आला नाही ते सोडा.

मालिकेतल्या पुस्तकाची वाट बघणं हा वेगळाच प्रकार. तिथे रहस्य गेलं उडत, आपल्याला त्या माणसाला भेटायचं असतं. त्याचा घटस्फोट झाला का, गुडघा बरा आहे का, नव्या साहेबाशी पटतंय का. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ मध्ये धबधब्यात ढकलून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण वाचकांनी काही त्याला मोकळं होऊ दिलं नाही आणि १९०३ मध्ये तो परत जिवंत करावा लागला. ॲगाथा ख्रिस्तीने जास्त हुशारी केली. तिचा डिटेक्टिव्ह पॉयरो, त्याचं शेवटचं पुस्तक तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलूपबंद करून ठेवलं आणि मग तीसेक वर्षं त्याची नवीनवी पुस्तकं लिहीत राहिली, म्हणजे वाचक पुढच्या पुस्तकाची वाट बघत होते आणि शेवट आधीच कपाटात जाऊन बसला होता. ते पुस्तक आलं १९७५ मध्ये, आणि न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर छापली. न जन्मलेल्या माणसाची मृत्युवार्ता. मला हे आठवलं की उगाच बरं वाटतं.

असो. वाट बघण्यापर्यंत सगळं छान असतं. पुस्तक येतं, दोन रात्री जागून संपतं, आणि मग मला त्यावर लिहायचं असतं. तिथे घोळ सुरू होतो. कारण रहस्यकथेचं परीक्षण म्हणजे सगळ्यात जास्त जे बोलावंसं वाटतंय नेमकं तेच सोडून हजार शब्द बोलायचं काम. पोट फुगतं अक्षरशः. इतर कुठल्याही कादंबरीबद्दल मी म्हणू शकते की शेवट फसलाय आणि तो का फसलाय, नायिका तशी वागूच शकत नाही. इथे तोंडात मूग गिळून बसायचं. वातावरणनिर्मिती सुंदर आहे म्हणायचं, संवाद चटपटीत आहेत म्हणायचं, मध्यंतरी थोडी रेंगाळते पण नंतर पकड घेते म्हणायचं, आणि साडेतीन स्टार द्यायचे. अर्धा का कापला ते सांगायची सोय नाही.

आणि एवढं करूनही माणूस पकडला जातो. काही वर्षांपूर्वी मी एका कादंबरीवर फार म्हणजे फार जपून लिहिलं होतं, शेवटाचा श नाही, ट्विस्ट हा शब्द नाही (कारण ट्विस्ट आहे असं सांगणं हाच एक स्पॉयलर, मग माणूस प्रत्येक पानाकडे संशयाने बघत वाचतो), फक्त एक वाक्य लिहिलं होतं की शेजारी राहणाऱ्या वकिलाचं छोटं पात्रही लेखकाने मेहनतीने उभं केलंय. धाकट्या भावाने ते वाचलं आणि तिथल्या तिथे मान वर करून विचारलं, “ताई, वकील ना?” मी म्हटलं, कसला वकील, कोण वकील? तर म्हणाला, “अगं, दोन प्रसंगांत येणाऱ्या वकिलाचं कौतुक कोण कशाला करेल? त्यानेच मारलंय.” पुस्तक न वाचता, माझ्या एका विशेषणावरून. तेव्हापासून मी परीक्षणातसुद्धा साप म्हणून भुई धोपटायला शिकलेय. खुनी जर मावशी असेल तर माळ्याबद्दल एक अख्खा परिच्छेद.

त्याचं म्हणणं असं की मी उगाच एवढा बाऊ करते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गोष्टी वाचायला देऊन पाहिलं होतं, काहींना शेवट आधीच सांगून आणि काहींना न सांगता, आणि शेवट माहीत असलेल्यांना त्या सरासरी जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. भाऊ हे मला दर दोन महिन्यांनी ऐकवतो. मी त्याला म्हणते, बरं, मग परवा आणलेल्या पुस्तकात खुनी कोण ते सांगते हां, तर कानात बोटं घालतो.

पूर्वी हा खेळ जरा उघडपणे खेळला जायचा असं वाटतं. १९२९ च्या सुमाराला हार्पर ही अमेरिकन प्रकाशनसंस्था काही रहस्यकथांचा शेवटचा भाग कागदी पट्टीने सीलबंद करून विकायची, सील न तोडता परत आणून दिलंत तर पैसे परत. काय आत्मविश्वास! त्याच काळात एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या जोडीने आपल्या कादंबऱ्यांमध्ये मध्येच थांबून वाचकाला जाहीर आव्हान द्यायला सुरुवात केली, की सगळे धागेदोरे आता तुमच्या हातात आहेत, करा उकल. आणि १९२९ मध्येच रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्लिश धर्मगुरूने (जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा) रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. खुनी सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे, एकापेक्षा जास्त चोरवाटा नकोत, आजवर कुणी ऐकलेलं नाही असं विष वापरायचं नाही, डिटेक्टिव्हनेच गुन्हा करायचा नाही वगैरे. म्हणजे शेवट नियमात बसतो की नाही हे तपासायची एक पट्टी तरी होती.

पण मला सांगा, परीक्षणात ती पट्टी लावायची कशी? ‘या लेखिकेने नॉक्सचा दहावा नियम मोडलाय’ एवढं एक वाक्य मी लिहिलं तर पुस्तक तिथेच संपलं, कारण दहावा नियम जुळ्या भावांबद्दल आहे.

गंमत म्हणजे रहस्यकथेत शेवटावर सगळा डोलारा उभा असतो आणि त्या शेवटालाच चारचौघांत कुणी जाब विचारत नाही. आम्ही सगळे पहिल्या शंभर पानांचे समीक्षक. म्हणून तर, माझा आपला अंदाज, पहिली शंभर पानं हल्ली इतकी घोटून घोटून लिहिलेली असतात आणि शेवटच्या वीस पानांत कुणीतरी बंदूक रोखून स्वतःच सगळं सांगत सुटतं. का मारलं, कसं मारलं, लहानपणी काय झालं होतं. समोरचा बांधलेला, तो ऐकतोय. तेवढ्यात पोलीस. असे किती शेवट मी गपचूप गिळलेत आणि वर ‘चित्तथरारक’ लिहिलंय, आता लाज वाटते. आणि उलटही आहे, एखादा शेवट इतका चोख असतो की मी पुन्हा पहिल्या पानावर जाऊन बघते तर तिथे तिसऱ्याच ओळीत सगळं उघड्यावर ठेवलेलं, काखेत कळसा आणि मी गावभर फिरतेय, तर हे कौतुक तरी कुठे करायचं? करूच शकत नाही.

स्पॉयलरला एक्सपायरी डेट असावी का, यावर आमच्या घरात भांडणं झालेली आहेत. ॲगाथा ख्रिस्तीची १९२६ ची एक कादंबरी आहे, तिच्या शेवटाने तेव्हा लोक दोन गटांत भांडले, एक म्हणे फसवणूक आहे, दुसरा म्हणे एकेक वाक्य तपासा, कुठेही खोटं बोललेली नाही. मी दुसऱ्या गटात. पण का, ते मी इथेही सांगणार नाहीये, कारण कुणीतरी ती पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा वाचणार असेल. तिचंच ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे (मध्ये कोविडमुळे बंद पडलं होतं तेवढंच) आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की गुपित बाहेर फोडू नका. लाखो लोक ते गुपित पोटात घेऊन फिरतायत. मला या अनोळखी लोकांबद्दल फार आपुलकी आहे.

थ्रिलरवाल्यांचं बरं आहे, त्यांना एवढं लपवावं लागत नाही. फ्रेडरिक फोर्साइथची फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल याच्या हत्येच्या कटावरची कादंबरी १९७१ मध्ये आली, आणि द गॉल १९७० च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्या घरी वारला होता हे जगाला ठाऊक होतं. म्हणजे मारेकरी फसणार हे पहिल्या पानाआधीच फुटलेलं. तरी तो बनावट पासपोर्ट कसा मिळवतो, रायफल कशी बनवून घेतो ते वाचताना आपले तळवे घामेजतात, आणि लाज वाटते पण काही ठिकाणी आपण त्या मारेकऱ्याच्याच बाजूने असतो.

हेरकथांची अडचण तिसरीच. तिथे मी गोष्ट सगळी सांगितली तरी बिघडत नाही, पण मला ती कळलेली असायला हवी ना! जॉन ल कारेची पुस्तकं मी वाचते तेव्हा शेजारी कागद घेऊन कोण कुणाचा माणूस ते लिहीत जाते आणि शंभराव्या पानाला त्या कागदावरचे निम्मे बाण उलटे फिरवावे लागतात. तो स्वतः एमआय फाइव्ह आणि एमआय सिक्स या ब्रिटिश गुप्तचर संस्थांमध्ये, दोन्हीकडे नोकरी करून आलेला, त्यामुळे परीक्षणात सगळे लिहितात, ‘हेरगिरीचं अस्सल चित्रण’. मीही लिहिलंय. मला काय माहीत अस्सल काय असतं? फाइल सापडत नाही, साहेब श्रेय लाटतो, मीटिंगमध्ये खरं कुणीच बोलत नाही, एवढं ओळखीचं वाटतं म्हणून अस्सल म्हणायचं. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली तेव्हा हेरकथा आता संपली असं बरेच जण म्हणाले होते, पण ऑफिसातलं राजकारण कुठे संपतंय. मिक हेरनने २०१० पासून तर नोकरीत माती खाल्लेल्या, अडगळीत टाकलेल्या हेरांवर अख्खी मालिका लिहिली. ल कारे २०२० मध्ये गेला आणि २०२४ मध्ये त्याच्या मुलाने, निक हार्कवेने, बापाचाच हेर स्मायली याला घेऊन नवीन कादंबरी काढली, तेव्हा ती माझ्या यादीत वर्षभर सगळ्यात वर होती आणि हातात आल्यावर मी आठ दिवस उघडलीच नाही. भीतीच वाटत होती. उघडल्यावर पन्नासेक पानांत खांदे सैल झाले, एवढंच सांगते.

हल्ली ई-रीडरवर वाचायचं तर आणखी एक चहाडखोर आहे, खाली कोपऱ्यातला टक्का. ६२ टक्क्यांना पोलिसांनी कुणाला पकडलं की समजायचं हा बिचारा निर्दोष आहे. ९१ टक्क्यांना पकडला की तोच. मी त्या आकड्यावर अंगठा ठेवून वाचते. पण अंगठा कुठवर ठेवणार.

गेल्या आठवड्यात यादीतलं एक नवीन आलं. दोन रात्रींत संपवलं, चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, आणि मग तिसऱ्या रात्री बसून मी परीक्षण लिहिलं, सगळा अनुभव पणाला लावून. सहा संशयित होते, एकाचंही जास्त कौतुक नाही, एकाचीही जास्त निंदा नाही, शब्द मोजले होते मी. भावाला वाचायला दिलं. त्याने सावकाश, शेवटपर्यंत वाचलं, मग पुस्तक उचलून मागचा ब्लर्ब वाचला, परत माझं लिखाण वाचलं.

“ताई,” तो म्हणाला, “यात ड्रायव्हरबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.”