वाशीत जेवता जेवता पूर्व नागालँड

वाशी स्टेशनवरून सेक्टर 30 ए मध्ये आलात, तर मॉलच्या गर्दीत शिरू नका; ईशान्येकडच्या राज्यांची भवनं गाठा. जेवण साधं, पोटभर. बाकीचा दिवस पाम बीच रोडवर गेला. मनात राहिल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या पूर्व नागालँडच्या गप्पा.

19 एप्रिल 2024, लोकसभेचं मतदान. पूर्वेच्या सहा जिल्ह्यांत 738 केंद्रं, चार लाखांवर मतदार आणि मतदान शून्य! त्या भागातल्या 20 आमदारांपैकीही कुणी मत दिलं नाही. वेगळ्या ‘फ्रंटिअर नागालँड’साठी ईएनपीओ या तिथल्या जमातींच्या शिखर संघटनेनं आदल्या संध्याकाळी सहापासून सार्वजनिक आणीबाणी, म्हणजे संपूर्ण बंद, पुकारला होता. असा आदेश आधी एकेका जमातीच्या संघटनेकडे जातो, तिथून गाव परिषदेकडे, मग घराघरांत. जमीन बहुतांशी गावाची नाहीतर कुळाची. बांधाचं भांडणही गावबुढ्यांसमोरच, म्हणजे गावच्या प्रमुखांसमोरच, मिटतं. अशा ठिकाणी गावाचा ठराव मोडून राहायचं कुठे?

आपल्या आगरी-कोळी गावांनीही एकजूट दाखवली आहे. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्यामागे गावं उभी राहिली, पाच जण हुतात्मे झाले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण आपल्या गावकीला कायद्याचं कवच नाही. नागालँडला ते आहे. तिथल्या रूढी, परंपरागत न्याय आणि जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा विधानसभेनं ठराव केल्याशिवाय लागू होत नाही, असं संविधानाचं कलम 371 ए सांगतं. गाव परिषदांना तर 1978 पासून राज्याच्याच कायद्याचा आधार आहे.

त्या शून्य मतदानामागच्या शिस्तीबद्दल मला आदर वाटतो. पण हेच कलम पुढे करून जमातींच्या संघटनांनी शहरी निवडणुकांतलं महिलांचं 33 टक्के आरक्षण वर्षानुवर्षं अडवलं, याचा संताप येतो. 2017 मध्ये त्यावरून दिमापूरमध्ये दोघांचा जीव गेला, कोहिमात नगरपालिकेची इमारत जळाली, मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना पायउतार व्हावं लागलं. जिथे निर्णय होतात तिथे बाईला जागाच नाही, ही कसली परंपरा? नागा मदर्स असोसिएशनच्या बायका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. अखेर 26 जून 2024 ला आरक्षणासह मतदान झालं, तब्बल वीस वर्षांनी. पूर्वेच्या त्या सहा जिल्ह्यांत मात्र तेव्हाही बहिष्कारच होता.